मागून आणलेली काडी

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके म्हटले की बोलणं ठरल्यासारखं राजकारणावर जातं. मग कालवा, मग कारखाने, मग उजनीचं पाणी. या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि पुढेही लिहिलं जाईल. मला मात्र गेले काही महिने एक वेगळीच गोष्ट खुणावते आहे. या भागाला ज्या पिकांनी पैसा दाखवला, ती पिकं एकापाठोपाठ एक आठवून बघा. ऊस. द्राक्ष. डाळिंब. निमगाव केतकीकडची खाऊची पानं. यातलं एकही पीक शेतकरी बी पेरून घेत नाही. उसाची टिपरी, द्राक्षाची काडी, डाळिंबाची गुटी, पानवेलीचं कांडं. म्हणजे आधीच्या झाडाचा तुकडा तोडायचा आणि तो मातीत लावायचा.

जिरायतातली ज्वारी-बाजरी बियाण्याची. पाण्याबरोबर आलेली बहुतेक नगदी पिकं काडीची. हा मुलूख काडीवर उभा आहे असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता यात विशेष ते काय, असं कुणी म्हणेल. गुलाबाची, जास्वंदीची फांदी आपण कुंडीत खोचतोच की. मनीप्लांट तर चोरून आणलेलंच चांगलं लागतं, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे! पण बी आणि काडी यांत एक मूलभूत फरक आहे आणि या भागाचा निदान सव्वाशे वर्षांचा शेतीचा इतिहास त्या फरकात दडलेला आहे, असं मला वाटतं.

बी म्हणजे अपत्य. आई-बापाचं थोडं थोडं घेऊन आलेलं, पण स्वतंत्र. गोड डाळिंबाचं बी लावलं तर झाड गोडच निघेल याची खात्री नाही. काडी म्हणजे अपत्य नव्हे. ती तेच झाड. फक्त जागा बदललेलं. फांदी तोडून लावली की उगवतं ते मूळ झाडाचंच पुढचं आयुष्य असतं, त्याच्या साऱ्या गुणांसकट. आणि, हे आपण विसरतो, त्याच्या साऱ्या दुखण्यांसकट.

डाळिंबाची काडी घरी लावून पाहणं अगदी सोपं आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण वर्षभर जुनी, पक्व फांदी घ्यायची. वीतभर लांबीचा तुकडा करायचा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर. पानं काढून टाकायची. बाजारात मिळणाऱ्या मुळं फुटण्याच्या पावडरीत खालचं टोक बुडवायचं आणि वाळू-माती-शेणखताच्या पिशवीत दोन-तृतीयांश खोचून सावलीत ठेवायचं. माती ओलसर हवी, चिखल नको. वरची बाजू वर आहे ना, एवढं मात्र नीट बघायचं. काडी उलटी लावणारे माझ्या माहितीत एकापेक्षा जास्त निघाले.

आत काय होतं? शेंड्याकडे आणि कोवळ्या पानांत तयार होणारं एक वाढद्रव्य खाली खाली उतरत असतं. फांदी तोडली की त्याची वाट बंद होते आणि ते कापाच्या जागी साचतं. तिथल्या पेशी आधी जखम भरून काढतात आणि मग त्यांतल्या काहींना मुळं व्हायची बुद्धी होते. हे द्रव्य कोणतं, ते १९३० च्या दशकात शास्त्रज्ञांनी ओळखलं आणि त्याचा कारखान्यात तयार होणारा भाऊ, इंडोल ब्युटिरिक आम्ल, रोपवाटिकांत आला. पावडरीच्या डबीत असतं ते हेच. उसाला मात्र त्याची गरज नाही. उसाच्या प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो आणि डोळ्याच्या पातळीवर बारीक ठिपक्यांचा एक पट्टा असतो. ते ठिपके म्हणजे तयार ठेवलेली मुळं. ओल लागली की निघाली बाहेर.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीखात्याच्या अध्यक्षाने काय काय करावं ते सांगताना, कांड्यापासून लावायच्या पिकांच्या कापलेल्या टोकांना मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांचा लेप द्यावा, असं सांगितलं आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत झाडांवर एक अख्खा अध्याय लिहिला. त्यात कांड्यापासून लावायच्या झाडांची यादी आहे आणि त्या यादीत डाळिंबही आहे, द्राक्षही आहे. लेप इथेही शेणाचाच. कापलेलं टोक सुकू नये आणि कुजू नये, ही त्यामागची साधी गरज. संस्कृतातलं ते ‘काण्ड’ आणि आपल्या उसाचं ‘कांडं’ हा एकच शब्द. पुस्तकं कुणी वाचली असतील नसतील, शब्द मात्र शेतात टिकला.

आता नीरेकाठी येऊ.

१८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात कालव्यांची कामं काढली. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्याला पाणी पुरवणारं भाटघरचं धरणही त्याच काळातलं. पुरंदरमधून बारामती आणि पुढे इंदापूर असा हा कालवा जातो. पाणी आलं म्हणजे लगेच ऊस आला असं मात्र झालं नाही. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला कालव्याचं पाणी पाऊस हुकला तरच हवं असे. उसाला भांडवल लागतं, खत लागतं, दीड वर्ष थांबायची तयारी लागते आणि ऊस करायचं कसब लागतं. हे कसब घेऊन आलेल्यांत सासवडकडची माळी मंडळी पुढे होती. त्यांनी कालव्याखालच्या जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. पुढे याच समाजातल्या लोकांनी १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली आणि सोलापूर जिल्ह्यात माळीनगर उभं राहिलं. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर वसलं. सहकारी कारखाने आले ते स्वातंत्र्यानंतर.

हा सगळा ऊस सुरुवातीला होता कोणता? पुंड्या. जाड, मऊ, रसाळ, दातांनी सोलून खाता येईल असा. गुळाला उत्तम. जुन्या लोकांच्या तोंडी अजून त्याचं नाव येतं आणि येताना थोडं हळवं होऊन येतं. या पुंड्याचं बेणं म्हणजे आदल्या वर्षीच्या उसाचे तुकडे. त्या उसाचं बेणं त्याच्या आदल्या वर्षीचं. अशी साखळी मागे मागे नेत गेलं की लक्षात येतं, शेत बदलत होतं, शेतकरी बदलत होता, पण ऊस तोच होता. आजोबांनी लावलेला आणि नातवाने तोडलेला ऊस यांत ‘पिढी’ नावाची गोष्टच नव्हती. पिढ्या माणसांच्या झाल्या, उसाची एकही नाही.

मग उसात सुधारणा होणार कशी? बी असतं तर निवड करता आली असती. उसाला तुरा येतो, पण त्यातून बी धरतं आणि ते उगवतं, हे जगाला पटायलाच १८८० च्या दशकाची अखेर उजाडली. जावा आणि बार्बाडोस या दोन टोकांच्या बेटांवर साधारण एकाच वेळी हे उमगलं. आपल्याकडे याची गरज लागली ती एका संकटामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोदावरीच्या मुखाकडच्या प्रदेशात लाल कूज नावाच्या रोगाने उसाची दाणादाण उडवली. रोग बेण्यातून पसरत होता. शेतकरी रोगट उसाचेच तुकडे करून पुढच्या वर्षी लावत होते, दुसरं लावणार काय? त्या रोगाचा अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बर यांच्याकडेच १९१२ मध्ये कोइमतूरला सुरू झालेल्या ऊस पैदास केंद्राची सूत्रं गेली. तिथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड गोड उसाचा संकर चक्क रानटी, गवतासारख्या उसाशी केला. १९१८ मध्ये को २०५ हा वाण शेतकऱ्यांकडे गेला. रानटी रक्ताने काटकपणा आला.

दख्खनसाठी कोणता वाण योग्य, हे शोधायला १९३२ मध्ये नीरेच्या पलीकडच्या अंगाला, फलटण तालुक्यातल्या पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. पुंड्या मागे पडला. को ४१९ आला, १९५६ नंतर को ७४० आला आणि त्याने बराच काळ राज्य केलं. १९९६ मध्ये को ८६०३२ ची महाराष्ट्रासाठी शिफारस झाली, तेव्हा त्याला नाव दिलं गेलं ‘नीरा’. कोइमतूरला संकर झालेला ऊस आपल्या नदीचं नाव घेऊन आपल्या नदीकाठी रुजला. आजही राज्यातल्या उसाच्या क्षेत्राचा मोठा हिस्सा या एकाच वाणाखाली आहे.

एकाच वाणाखाली म्हणजे काय, ते पुन्हा एकदा समजून घेऊ. एकरी साधारण दहा हजार दोन-डोळ्यांच्या टिपऱ्या, आणि असे लाखो एकर. हे सगळं मिळून अनुवंशाच्या हिशेबाने एक झाड आहे. कोइमतूरला कधीतरी एका बियातून उगवलेलं एक रोप आज अर्धा महाराष्ट्र व्यापून बसलं आहे. मला हा विचार करताना दर वेळी जरा गरगरायला होतं.

द्राक्षाची गंमत आणखी वेगळी. तिथे नवा वाण कधी कधी एका फांदीवर उमलतो. वेल तोच, पण एखाद्या डोळ्यात निसर्गाची काही चूकभूल होते आणि त्या फांदीला लांबट मणी लागतात. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेत अशी वेगळी फांदी हेरली, तिच्या काड्या लावल्या आणि ‘सोनाका’ जन्माला आली. कुणी प्रयोगशाळेत नव्हे, बागेत फिरणाऱ्या एका बागायतदाराने. काडी नसती तर ती फांदी एक-दोन हंगाम मिरवून छाटणीत गेली असती. आज इंदापूरच्या बोरी गावातून परदेशी जाणारी द्राक्षं पाहिली की वाटतं, या धंद्यात नजर ही सगळ्यात मोठी गुंतवणूक आहे. द्राक्षाची मुळं मात्र आता बहुतेक ठिकाणी परकी असतात. क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारी डॉगरिज नावाची मूळची टेक्सासची वेल खाली, आणि तिच्यावर आपल्या आवडीच्या द्राक्षाचं कलम. कालव्याच्या पाण्याने क्षारावलेल्या जमिनींवर हा उपाय बरा चालला.

आणि आता डाळिंब. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीचा जीव इथे आहे.

पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये ‘आळंदी’ या डाळिंबाच्या रोपांतून एक झाड निवडलं. दाणे मऊ, बी दाताखाली न टोचणारं. १९७० मध्ये त्या वाणाचं नाव ‘गणेश’ ठेवलं गेलं. पुढे रशियाकडच्या ‘गुल-ए-शाह’ या लालभडक डाळिंबाशी गणेशचा संकर झाला, त्याच्या संततीतून मृदुला, आरक्ता आणि मग २००३-०४ च्या सुमारास राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने शिफारस केलेला ‘भगवा’ आला. शेंदरी-तांबडी जाड साल, लांबच्या प्रवासाला टिकणारी. लोकांनी त्याला आपापल्या गावची नावंही देऊन टाकली.

कालवा सगळ्यांच्या वाट्याला आला नव्हता. बारामती आणि इंदापूरचा मोठा भाग जिरायत. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि या माळरानांना पहिल्यांदा एक संधी दिसली. ठिबक आलं. थोड्या पाण्यावर डाळिंब येतं. हलक्या, मुरमाड जमिनीत तर झकास येतं. बघता बघता बागा वाढल्या आणि रोपांची मागणी इतकी वाढली की गुटी बांधणं हाच पावसाळ्यातला एक धंदा झाला. गुटी म्हणजे काडी तोडायच्या आधीच तिला मुळं फोडायची युक्ती. फांदीवरची अंगठीएवढी साल काढायची, त्यावर ओलं शेवाळ गुंडाळून प्लास्टिक घट्ट बांधायचं आणि महिना-दीड महिना वाट पाहायची. प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापून पिशवीत लावायची. शेतातली बायका-माणसं दिवसाला शेकड्यांनी गुट्या बांधू लागली.

पण सगळ्या गुट्या विकत घेतल्या जात नव्हत्या. कित्येक मागून आणल्या जात. मेहुण्याची बाग चांगली आहे, त्याच्याकडून दोनशे गुट्या. मुलीच्या सासरहून शंभर. यात व्यवहारापेक्षा जिव्हाळा जास्त. आपलं बरं झालं, आता सोयऱ्याचंही होऊ दे, हा भाव. मला वाटतं, आपल्या शेतीत काडीइतकी सहज दिली-घेतली जाणारी दुसरी मौल्यवान वस्तू नसेल. देणाऱ्याचं काही कमी होत नाही. उलट छाटणी होते.

नेमकं इथेच घात झाला. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग भारतात प्रथम नोंदवला गेला तो १९५२ मध्ये, दिल्लीला. अनेक दशकं तो फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २००२ नंतर मात्र कर्नाटक, आंध्र आणि महाराष्ट्रात त्याने थैमान घातलं. पानांवर, खोडावर तेलकट डाग पडतात. फळावर डाग पडून इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारख्या भेगा जातात आणि पाहता पाहता झाडाखाली फळांचा सडा. पाऊस आणि वारा त्याला बागेतल्या बागेत फिरवतात. पण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला त्याला वाहन लागतं. ते वाहन म्हणजे रोगट झाडाची गुटी. वरून हिरवीगार दिसणारी, आत जिवाणू घेऊन निघालेली.

आमच्या नात्यातल्या एका मामांची इंदापूर तालुक्यात साडेतीन एकर बाग होती. त्या वर्षांत ती उपटून, पेटवून द्यावी लागली. वाणाला नाही, पावसाला नाही, सरकारला नाही, त्यांनी कुणालाच बोल लावला नाही. एकदाच म्हणाले, “आरं, ह्यो रोग काय आभाळातनं पडला न्हाय. सोयऱ्याच्या गाडीतनं आलाय. त्यो बी बिचारा मायेनंच देऊन गेला.” या वाक्यावर काय बोलावं ते आजही मला सुचत नाही. देणाऱ्याची बागही त्याच साली गेली होती.

एक झाड लाखो ठिकाणी लावण्याचा हा दुसरा हिशेब. गोडी एकसारखी येते, तशी दुबळेपणाचीही एकसारखी वाटणी होते. गोदावरीकाठी उसाच्या बेण्यातून जे झालं, १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याच्या बेण्याने जे दाखवलं, तेच इंदापूरच्या माळावर डाळिंबाच्या गुटीने दाखवलं. बटाटा, ऊस, डाळिंब, तिन्ही तुकड्यावर वाढणारे. तिन्हीकडे चांगलं म्हणून जे एकच लावलं गेलं, तेच एकदम आडवं झालं.

मग काडी सोडून द्यायची का? शक्यच नाही. बी लावून गोड डाळिंबाची वाट बघत बसायला कुणालाच परवडणार नाही. उपाय काडीच्या आतच शोधावे लागतात आणि ते शोधलेही गेले आहेत. उसात बेणं ५० अंश तापमानाच्या पाण्यात दोन तास ठेवून त्यातले गवताळ वाढीसारखे रोग कमी करता येतात. पायाभूत बेणं, त्यापासून प्रमाणित बेणं, अशी त्रिस्तरीय बेणेमळ्यांची पद्धत आहे. दर तीन वर्षांनी बेणं बदला, असं ऊसतज्ज्ञ कंठशोष करून सांगतात. आता तर ट्रेमध्ये कोकोपीट भरून एक डोळ्याची रोपं करून लावतात. बेणंही कमी लागतं आणि रोगट डोळा आधीच वेगळा काढता येतो. डाळिंबासाठी २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. ऊतीसंवर्धित रोपं आली. ऊतीसंवर्धन म्हणजे तरी काय, काडीचाच अतिसूक्ष्म अवतार. ज्यांनी हस्त बहार धरून पावसाळ्यातला धोका टाळला, बागेची स्वच्छता ठेवली, त्यांतल्या कित्येकांच्या बागा टिकल्या. मामांच्या शेतात आज ऊस आहे. वाण, अर्थातच, नीरा.

हे सगळं वाचत आणि विचारत गेलो तेव्हा माझ्या मनात एकच शब्द उरला. मातृवृक्ष. रोपवाटिकावाले ज्या झाडाच्या काड्या घेतात त्याला मातृवृक्ष म्हणतात. खरं तर शास्त्राच्या दृष्टीने ती आई नव्हेच, तेच झाड. पण शब्द चांगला आहे, कारण तो विचारायला लावतो: काडी कोणाची? त्या झाडाला गेल्या पावसाळ्यात काय झालं होतं? किती वर्षं फळ देतंय? कुणी बघितलंय ते?

पूर्वी हे प्रश्न विचारावे लागत नसत. मेहुण्याची बाग डोळ्यांसमोर असे, आणि विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटे. कालव्याकाठची दोन-चार गावं एकमेकांना बेणं देत-घेत होती, तोवर ते चालूनही गेलं. आज काडी एका रात्रीत चार जिल्हे ओलांडते. अशा वेळी विचारणं हा अविश्वास नाही आणि देणाऱ्याने आपणहून सांगणं हा कमीपणा नाही. “घेऊन जा, पण गेल्या साली खोडावर डाग होते,” एवढं एक वाक्य गुटीबरोबर गेलं असतं तर अनेक बागा वाचल्या असत्या.

काडी देणं थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. फक्त काडीबरोबर तिची हकीगतही द्यायला हवी.